तूरच्या विहीणबाई

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझ्या घरातली गाऱ्हाणी ऐकायची सवय झाली आहे. एरवी मला दीड स्तंभाची जागा मिळते, तीत पाय आखडून बसावे लागते. दिवाळी अंकात संपादक जरा ऐसपैस बसू देतात, म्हणून यंदा घर सोडून थेट फ्रान्सात जाण्याचा विचार आहे. घाबरू नका, आयफेल टॉवरचे वर्णन करणार नाही. ते आजवर इतक्या दिवाळी अंकांतून झाले आहे की, त्या मनोऱ्याचा एकेक खिळा मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला असेल. मला सांगायचे आहे ते एका जेवणाबद्दल, आणि त्या जेवणात मी मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारलेल्या दोन फ्रेंच शब्दांबद्दल.

आमची धाकटी शिकायला म्हणून फ्रान्सला गेली आणि तिथलाच नवरा करून मोकळी झाली. लग्न २०२१ साली तूर या गावच्या नगरपालिकेत लागले. (हो, गावाचे नाव तूर. आपल्या डाळीशी संबंध नाही, पण सौ.ने ते नाव प्रथम ऐकले तेव्हा 'बरं झालं, वरणाची सोय असेल' असे ती म्हणाली होती.) फ्रान्सात कायद्याने लग्न लागते ते नगरपालिकेतच, चर्चमध्ये लावायचे असेल तर ते मागाहून. करोनाचे दिवस, जाणे शक्य नव्हते. आम्ही दोघे पुण्यात संगणकासमोर अक्षता घेऊन बसलो. तिकडे कोणीतरी तिरंगी पट्टा खांद्यावरून घेतलेले गृहस्थ बराच वेळ काही वाचत होते. शेवटी धाकटी 'वी' म्हणाली. 'वी' म्हणजे 'हो'. साऱ्या लग्नात मला कळलेला शब्द तेवढा एकच. आम्ही पडद्यावर अक्षता टाकल्या. त्यांतल्या काही कळफलकात अडकल्या, त्या अजून निघालेल्या नाहीत.

त्याच पडद्यावर विहीणबाई आणि व्याही दिसले. आम्ही हात जोडले, त्यांनी हात हलवले. पुढच्याच वर्षी व्याही गेले. म्हणजे त्यांची आमची भेट झालीच नाही. राहिल्या विहीणबाई. त्यांना इंग्रजी येत नाही, आणि आम्हाला फ्रेंच येत नव्हते. चार वर्षे आम्ही एकमेकांकडे पडद्यावरून पाहून नुसते हसत होतो.

म्हणून २०२५ सालच्या मे महिन्यात जायचे ठरले तेव्हा सौ.ने पहिली गोष्ट जाहीर केली, ती म्हणजे आपण फ्रेंच शिकायचे. धाकटी फोनवरून म्हणाली, "आई, कशाला त्रास घेतेस? मी आहे ना! आणि मी नसले तर मोबाईल आहे. त्यात मराठीत बोललीस की तो फ्रेंचमध्ये बोलतो."

"विहिणीची पहिली भेट, आणि मधे मोबाईल धरायचा?" सौ. म्हणाली, "तो काय अंतरपाट आहे?"

आमच्या सोसायटीत एक मुलगी राहते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेली. वय आमच्या नातीचे शोभेल असे. पण एकदा खुर्चीवर बसली की पंतोजींची करारी मुद्रा. तीन महिने, मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सहा ते सात असे ती आम्हाला शिकवायला येत असे. फी घ्यायला तयार नव्हती. सौ.ने ती साबुदाण्याची खिचडी, कोथिंबिरीच्या वड्या आणि उपासाची कचोरी अशा हप्त्यांनी फेडली.

पहिल्या दिवशी मी वही उघडून विचारले, "स्टेशन कुठे आहे, हे कसे म्हणायचे?"

"आजोबा, त्याआधी 'बोंजूर'."

"ते येते मला. पण स्टेशन?"

तिने तोंड फिरवले आणि खिडकीबाहेर पाहू लागली. मी पुन्हा विचारले. ती पाहीच ना. शेवटी मी वैतागून 'बोंजूर मादाम' म्हणालो, तेव्हा वळून गोड हसली आणि म्हणाली, "असं होतं तिथे. दुकान असो, बस असो, पोलीस असो. आधी बोंजूर, मग काम. बोंजूरशिवाय बोललात तर तुम्ही उद्धट ठरता आणि मग उत्तरही तसंच मिळतं."

पुण्यातला दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघत नाही हे मी समजू शकतो, तो त्याचा परंपरागत हक्क आहे. पण गिऱ्हाइकाने दुकानात शिरताना दुकानदाराला अभिवादन करायचे, तेही एखाद्याच्या घरात पाऊल टाकल्यासारखे, हे माझ्या डोक्यात उतरायला दोन आठवडे लागले. पॅरिसची माणसे तुसडी असतात असे आपल्याकडे परतून आलेले प्रवासी सांगतात, त्यांतल्या निम्म्यांनी तरी 'बोंजूर' म्हटलेले नसावे अशी मला आता शंका आहे.

उच्चारांत सौ.ने मला मागे टाकले. ती रत्नागिरीची. तिच्या माहेरी बायका नाकातून बोलत. लग्न झाल्यावर मी त्यावरून तिची थट्टा करीत असे. फ्रेंच भाषेत निम्मे स्वर नाकातून येतात. ती पहिल्याच फटक्यात 'बों' असे काही म्हणाली की, मास्तरीणबाईंनी टाळी वाजवली. सौ.ने माझ्याकडे जे पाहिले त्यात चार दशकांची थट्टा व्याजासकट वसूल झाली. फ्रेंच 'र' मात्र गुळण्या करताना निघतो तसा घशातून काढायचा असतो. तो काढण्याच्या नादात मी एकदा इतका खोकलो की, शेजारचे वैद्य चौकशीला आले.

मला व्याकरण आवडले. इंग्रजीची सवय झालेल्याला टेबल स्त्रीलिंगी कसे, याचे आश्चर्य वाटते म्हणे. आपल्याला त्यात काय? आपल्याकडे खुर्ची ती, पलंग तो आणि टेबल ते. फ्रेंच लोकांनी दोनच लिंगांवर भागवले आहे, म्हणजे आपल्यापेक्षा सोपेच. एवढेच की चंद्र तिकडे बाई आहे, आणि समुद्रही. दात म्हणजे 'दाँ', नाव म्हणजे 'नों', नऊ म्हणजे 'नफ', गुडघा म्हणजे 'झनू'. गुडघ्याला संस्कृतात 'जानु' म्हणतात हे आठवले आणि मला लांबच्या काकाचे घर सापडल्यासारखे वाटले. दोन्ही भाषांचे मूळ कुळ एकच, हे पुस्तकात वाचलेले होते. पण आपल्याच दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून ते पटण्यात निराळी मौज आहे.

आकड्यांनी मात्र घाम काढला. एकोणसत्तरपर्यंत सारे सरळ चालते. मग सत्तर म्हणजे साठ-दहा. ऐंशी म्हणजे चार-वीस. सत्त्याण्णव म्हणजे 'कात्र-व्हें-दीस-सेत', चार-वीस-दहा-सात! बेल्जमच्या आणि स्वित्झर्लंडच्या लोकांनी नव्वदीला सुटसुटीत निराळा शब्द ठेवला आहे. फ्रान्सने ठेवला नाही. मी हताश झालो. तेव्हा सौ. म्हणाली, "त्यात काय? आमची आजी आंबे असेच मोजायची. चार विसा आणि वर सात." खरेच की! 'चार विसा' म्हणणारी ती नऊवारीतली म्हातारी पॅरिसच्या बाजारात माझ्यापेक्षा सहज वावरली असती.

आणि मग आले 'तू' आणि 'तुम्ही'.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "हे इंग्रजी माध्यमाच्या मुलांना शिकवताना मला महिना लागतो. तुम्हाला एक मिनिट पुरे. 'त्यू' म्हणजे 'तू'. 'व्हू' म्हणजे 'तुम्ही'. झालं." आम्हाला धन्य वाटले. इंग्रजीने आपला 'तू' केव्हाच मोडीत काढला. राजा आणि भिकारी एकाच मापाने मोजले. मराठी आणि फ्रेंच यांनी दोन्ही मापे जपून ठेवली. त्यातून 'त्यू' आणि 'तू' हे सख्खे भाऊ. उच्चारात तेवढा फरक. ओठ 'ऊ'चे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचे.

मग नवरा-बायकोचा संवाद पाठ करायला आला. बायको नवऱ्याला विचारते, 'त्यू व्ह द्यू काफे?' म्हणजे 'तुला कॉफी हवी का?' सौ.ने वही मिटली.

"मी नाही यांना तसं म्हणणार."

"आजी, फ्रेंचमध्ये तर म्हणायचं."

"फ्रेंचमध्येही नाही. मला ते 'व्हू'चं शिकव."

मास्तरीणबाई हसून हसून बेजार झाल्या. पण त्यांनी आजींना 'व्हू'चे शिकवले. आमच्या घरात मी साहेबी अदबीने 'आपल्याला कॉफी हवी का' असा विचारला जाऊ लागलो. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट मनातून बरेच वाटले, हे आता कबूल करतो.

जेवणाच्या टेबलावरच्या भाषेसाठी एक पूर्ण शुक्रवार दिला. 'सिल व्हू प्ले' म्हणजे 'कृपा करून'. शब्दशः पाहिले तर 'तुम्हाला रुचत असेल तर'. घरच्या माणसाशी बोलताना मधला 'व्हू' काढून 'सिल त प्ले' म्हणतात. पण आम्ही पहिलेच पाठ करावे, ते कुठेही चालते. हॉटेलात फुकट साधे पाणी हवे तर 'काराफ दो' मागायचे, नाहीतर विकतची बाटली येते. पोट भरले म्हणून 'मी भरले आहे' असे इंग्रजीच्या चालीवर फ्रेंचमध्ये बोलायचे नाही. त्याचा अर्थ 'गाभण आहे' असा होतो. नुसते 'मेर्सी' म्हणून हात हलवला तर 'आभारी आहे' नव्हे, 'नको' असा अर्थ घेतात. तेव्हा नको असेल तर स्पष्ट 'नों, मेर्सी' म्हणावे. सौ.ने हे शेवटचे माझ्याकडून घोटून घेतले. "कोणीही काहीही पुढे केलं आणि तुम्हाला कळलं नाही, तर 'नों, मेर्सी' म्हणायचं. तिथे कशात काय घातलेलं असेल, नेम नाही." ती शाकाहारी आहे, मीही आहे. पण तिचा माझ्यावर या बाबतीत पूर्ण विश्वास नाही, त्याला इतिहास आहे. तो पुन्हा कधी.

शेवटच्या दिवशी सौ.ने विचारले, "ज्यांच्या घरी माणूस गेलं आहे त्यांना काय म्हणायचं?" आमच्या पुस्तकात स्टेशन होते, टपालकचेरी होती, छत्री हरवल्याची तक्रार होती, हे नव्हते. मास्तरीणबाईंनी थोडा विचार करून 'तूत मे कोंदोलेआँस' हे वाक्य लिहून दिले. मी ते विमानातही म्हणून पाहत होतो. सौ. म्हणाली, "मी काही बोलणार नाही. मी नुसती जवळ बसेन."

पॅरिसबद्दल फार लिहीत नाही. सौ.ने कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानात 'बोंजूर मादाम, युन बागेत, सिल व्हू प्ले' असे एका दमात म्हटले आणि दंडाएवढा लांब पाव काखोटीला मारून ती बाहेर आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर गड घेतल्याचे तेज होते. मी जिथे जिथे किंमत विचारली तिथे तिथे चार-वीसचा हिशेब मनात पुरा होण्याआधी नोट पुढे केली. सुट्ट्या नाण्यांनी खिसा फाटायला आला.

तूरला जायला मोंपार्नास स्टेशनावरून वेगवान गाडी मिळते. तासाभरात साँ-पिएर-दे-कोर हे शेजारचे स्टेशन येते, तिथून पाच मिनिटांवर गाव. लुआर नदीच्या काठी वसलेले. बाल्झाक १७९९ साली इथेच जन्मला. पण या गावाची खरी कीर्ती निराळी आहे. इथल्या मुलखात अत्यंत शुद्ध फ्रेंच बोलतात असे म्हणतात. निदान इथले लोक तरी म्हणतात. हे जावईबुवांनी सांगितले तेव्हा मी आणि सौ.ने एकमेकांकडे पाहिले. विहीण मिळाली, तीही तिकडच्या पुण्याची!

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. पांढरे आखूड केस, निळा झगा, ताठ बांधा. गालाला गाल लावून स्वागत करण्याची तिकडची रीत मला माहीत होती आणि आदल्या रात्रीपासून तिची धास्ती होती. मी घाईने हात जोडले. त्यांनीही जोडले, धाकटीने शिकवून ठेवले असावे. मग मी माझे वाक्य म्हटले, 'तूत मे कोंदोलेआँस'. माझा 'र'ही त्यात नव्हता, त्यामुळे बरे आले असावे. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग माझा हात दोन्ही हातांत धरून 'मेर्सी' म्हणाल्या, आणि आत वळून भिंतीवरची व्याह्यांची तसबीर सरळ होती तरी सरळ केली. सौ. ठरल्याप्रमाणे काही बोलली नाही. जाऊन त्यांच्याजवळ बसली. तीन महिन्यांची शिकवणी त्या पाच मिनिटांत वसूल झाली होती. मी तिथेच थांबायला हवे होते.

जेवण एक वाजता सुरू झाले आणि चार वाजले तरी चालू होते. तिकडे सगळे एकदम पानात वाढत नाहीत. एक संपले की दुसरे, असे पाळीपाळीने येते. विहीणबाईंनी आमच्यासाठी सारे निरामिष केले होते. पांढऱ्या जाड शतावरीचे उकडलेले कोंब. (शतावरीच, आपल्याकडे काढ्यात जाते तिची बहीण. मे महिना म्हणजे तिचा हंगाम.) मग कांद्याच्या पातीच्या जाड बहिणीचा खमंग भाजलेला पसारा. मग चीज. ते त्याच मुलखातले, बकरीच्या दुधाचे, राखेत घोळलेले, लांबट. आणि त्याच्या मधून एक गवताची काडी आरपार घातलेली. मी एकदा घेतले, फार आवडले. दुसऱ्यांदा घेतले. सौ.ने टेबलाखालून पाय दाबला.

विहीणबाई सुरी हातात घेऊन माझ्याकडे वळल्या. डोळे हसरे होते. त्या जरा पुढे झुकून म्हणाल्या, "ओं स त्युत्वा?"

मला ते कळले नाही. सुरी दिसली, चीज दिसले, टेबलाखालचा पाय आठवला. मी छातीवर हात ठेवून, नाकातून उत्तम उच्चार काढून म्हणालो, "नों, मेर्सी!"

जावईबुवा ताटलीतल्या नक्षीकडे पाहू लागले. विहीणबाईंचे हसू आले तसे गेले. "कॉम व्हू व्हुले," असे त्या म्हणाल्या. म्हणजे 'जशी तुमची इच्छा'. त्यातला 'व्हू' मला लख्ख ऐकू आला. धाकटी फक्त "बाबा!" एवढेच म्हणाली, पण दहावीच्या निकालाच्या दिवशी मी तिला ज्या सुरात हाक मारली होती, त्या सुरात.

तिने मला स्वयंपाकघरात नेले.

"त्यांनी चीज विचारलं नव्हतं, बाबा. आपण एकमेकांना 'तू' म्हणायचं का, असं विचारलं."

मी ओट्याला टेकलो.

"त्यांच्या मिस्टरांचे वीस वर्षांचे मित्र आहेत, त्यांना त्या अजून 'व्हू' म्हणतात. मला 'त्यू' म्हणायला त्यांनी वर्ष घेतलं. इथे हे वयाने मोठ्या माणसाने विचारायचं असतं, आणि विचारलं की नाही म्हणत नाहीत. तोंडावर दार लावल्यासारखं होतं ते." तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही पंधरा दिवसांनी पुण्याला जाल. मला इथे राहायचंय."

मी म्हणालो, "जाऊन सांगतो, चुकलो म्हणून." आणि दारापर्यंत जाऊन थांबलो. कारण प्रश्न कळला असता, तर माझे उत्तर काय होते? तेच होते! विहिणीला 'तू' म्हणायचे? आपल्याकडे विहिणीचा मान केवढा! तिचे पाय धुतले आहेत, तिच्यासाठी निराळ्या पंगती मांडल्या आहेत. मी माझ्या सख्ख्या वहिनीला आजन्म 'तुम्ही' म्हणत आलो. आणि या बाईंना पहिल्या भेटीत, चीज खाता खाता, एकेरीवर येऊ?

पण त्याच वेळी दुसरेही मनात येत होते. आपण 'तू' म्हणतो तरी कोणाला? आईला म्हणतो. पांडुरंगाला म्हणतो. त्याला 'अहो विठोबा, आपण कधी येणार' असे म्हणणारा वारकरी मी पाहिलेला नाही. फ्रेंच कॅथॉलिक लोक मात्र १९६६ सालापर्यंत आपल्या रोजच्या प्रार्थनेत देवाला 'व्हू' म्हणत असत. त्या साली ती प्रार्थना बदलून 'त्यू'ची झाली. त्याच्याही आधी, १७९३ साली, क्रांतीच्या भरात तिथल्या लोकांनी 'मस्य' आणि 'मादाम' बाजूला सारून सर्वांनी सर्वांना 'त्यू' म्हणावे असा आग्रह धरला होता. तो फार टिकला नाही. राजाचे डोके उडवता आले, 'व्हू' उडवता आला नाही. म्हणजे हे दोन अक्षरांचे प्रकरण त्यांनाही सोपे गेलेले नाही. हे सारे मी मास्तरीणबाईंकडून ऐकले होते; पण त्या ओट्याशी ते मला प्रथमच लागू झाले.

बाहेर आलो. उभा राहूनच म्हणालो, "एक्स्क्युझे-म्वा, मादाम." पुढचे वाक्य जमेना. मग चीजकडे बोट दाखवले, माझ्या कपाळाकडे दाखवले आणि म्हणालो, "फ्रोमाज!"

त्यांना क्षणभर कळले नाही. मग कळले. मग त्या ज्या हसायला लागल्या, त्या सुरी खाली ठेवून हसल्या, डोळे पुसून हसल्या. जावईबुवांनी सुटकेचा श्वास सोडला. इथेही मी थांबायला हवे होते. पण मला स्वतःची बाजू मांडायची होती. धाकटीला दुभाषी करून मी त्यांना विहिणीचा मान समजावून दिला. आमच्यात 'व्हू' म्हणजे परकेपणा नव्हे, आदर आहे असे सांगितले. आणि पुराव्यादाखल, मोठ्या अभिमानाने म्हणालो, "माझी पत्नीसुद्धा मला 'व्हू' म्हणते. त्रेचाळीस वर्षे."

विहीणबाईंनी सौ.कडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आणि तुम्ही त्यांना?"

मी धाकटीकडे पाहिले. ती भाषांतराला तत्पर होती. पण या उत्तराला भाषांतर लागणार नव्हते.

"त्यू," मी म्हणालो.

विहीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही जुन्या घराण्यांतून नवरा-बायको 'व्हू' म्हणतात. शिराक १९९५ ते २००७ राष्ट्राध्यक्ष होते, ते आणि त्यांची बायको एकमेकांना 'व्हू' म्हणत. सार्त्र आणि सिमोन द बोव्हारही जन्मभर 'व्हू' म्हणत. मला वाटले, बाई माझ्या बाजूने बोलताहेत. मग त्यांनी दोन बोटे वर केली आणि म्हणाल्या, "मे ले द." पण दोघेही.

मी मदतीसाठी सौ.कडे पाहिले. 'अहो, आमच्यात तशीच पद्धत आहे,' असे काहीतरी ती म्हणेल अशी अपेक्षा होती. ती ताटलीत पडलेली चीजमधली काडी बोटाने सरळ करीत होती. धाकटीने तिला सारे मराठीत सांगितले होते. तिला न सांगताही कळले असावे. ती काहीच बोलली नाही. व्याह्यांच्या तसबिरीजवळ बसली होती, तेव्हाही ती अशीच गप्प होती. पण ते गप्प बसणे निराळे होते.

कॉफी आली. विहीणबाईंनी किटली आणून, का कोण जाणे, सौ.च्या हातात दिली. सौ.ने पहिला पेला त्यांना भरला, मग जावयाला, मग मुलीला. मग माझ्याकडे वळली. पदर नीट केला. आणि शुद्ध, नाकातल्या, रत्नागिरीच्या फ्रेंचमध्ये म्हणाली,

"त्यू व्ह द्यू काफे?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. १९८२ सालापासून या बाईने मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. रागातही नाही. तिचा कान लाल झाला होता, पण नजर खाली नव्हती. उत्तर देणे भाग होते, आणि मला तीन महिन्यांत पाठ झालेले उत्तर एकच होते.

"वी," मी म्हणालो, "सिल व्हू प्ले."

टेबलावर जो कल्लोळ झाला तो खालच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल. मला कारण कळायला वेळ लागला. तिने मला 'तू' म्हटले होते, आणि मी तिला 'तुम्ही'.

त्या दिवसापासून विहीणबाई आणि सौ. एकमेकींना 'त्यू' म्हणतात. दर रविवारी फोनवर बोलतात. सौ.चे फ्रेंच दीडशे शब्दांचे असेल, विहीणबाईंचे मराठी त्याहून कमी. पण बोलणे तासभर चालते. मला त्या अजून 'व्हू' म्हणतात. परत निघताना स्टेशनावर त्यांनी मला सांगितले की, आपला प्रश्न कायम आहे, उत्तराची घाई नाही. पुण्याला आल्यावर सौ. पुन्हा 'अहो'वर आली. मी 'तू' म्हण असे सुचवून पाहिले, तेव्हा 'लोक काय म्हणतील' असे म्हणाली. रविवारी सकाळी कॉफी मात्र फ्रेंचमधून विचारली जाते. मी आता 'सिल त प्ले' शिकलो आहे; पण तोंडात येते ते जुनेच.

विहीणबाई येत्या जानेवारीत पुण्याला यायच्या आहेत. धाकटी त्यांना मराठी शिकवते आहे. पहिल्याच धड्यात त्यांनी विचारले म्हणे की, मराठीत आम्हा दोघांना काय म्हणायचे, 'तू' की 'तुम्ही'? उत्तर मागवले आहे.

सौ. म्हणाली, "माझ्यापुरतं 'तू' कळवा. तुमचं तुम्ही बघा."